सुट्या भागांतून जोडलेला वेगवान संगणक: रायझन ९ ९९५०एक्सच्या जुळणीचे परीक्षण

बाजारात सुट्या मिळणाऱ्या भागांतून जोडलेल्या एका संपूर्ण डेस्कटॉप संगणकाचे हे परीक्षण आहे. त्यात एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स हा प्रोसेसर, बी६५०ई चिपसेटचा मदरबोर्ड, ३२ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून ६४ जीबी डीडीआर५-६००० रॅम, सॅमसंग ९९० प्रो ही २ टीबीची एसएसडी, नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा हवेवर चालणारा कूलर, फ्रॅक्टल डिझाइनचे टॉरेंट हे कॅबिनेट आणि ८५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा भाग) आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले नाही. मोठ्या प्रकल्पांचे सोर्स कोड कंपाइल करणे (प्रोग्रामचा मजकूर यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणे), रॉ छायाचित्रांवर एकगठ्ठा प्रक्रिया करणे आणि व्हिडिओ एन्कोड करणे, ही या संगणकाकडून अपेक्षित असलेली कामे आहेत. या कामांसाठी तो उत्तम ठरतो. मात्र हा वेग केवळ महागड्या प्रोसेसरमधून आलेला नाही. काम जिथे अडते तो अडसर आधी ओळखून तिथेच खर्च केल्यामुळे तो आला आहे, आणि तासन्‌तास टिकतो तो कूलर, कॅबिनेट आणि एसएमपीएस या सहसा शेवटी आठवणाऱ्या भागांमुळे.

प्रोसेसर निवडण्यापूर्वी आपल्या कामाचा किती भाग एकाच वेळी अनेक कोअरवर वाटता येतो, हे तपासावे असा माझा आग्रह आहे. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम येथे फार उपयोगी पडतो. समजा, कामाचा दहा टक्के भाग एकामागून एक असाच करावा लागतो आणि उरलेला नव्वद टक्के भाग हवा तितका वाटता येतो. अशा कामाचा वेग आठ कोअरवर एका कोअरच्या सुमारे ४.७ पट होतो, सोळा कोअरवर ६.४ पट होतो आणि कोअर कितीही वाढवले तरी दहा पटींच्या पुढे जात नाही. म्हणजे कोअर दुप्पट करून हाती येते ती जेमतेम एक-तृतीयांश वाढ. कंपाइल करताना शेकडो फायली एकमेकींची वाट न पाहता स्वतंत्रपणे तयार होतात, म्हणून तिथे सोळा कोअर खरोखर राबतात. पण शेवटी सगळे जोडणाऱ्या लिंकिंगच्या टप्प्यावर बहुतेक वेळा एकच कोअर धावत असतो आणि बाकीचे पंधरा स्वस्थ असतात. त्यामुळे कोअरची संख्या आणि एकेका कोअरचा वेग या दोन्ही गोष्टी हव्यात.

९९५०एक्स या दोन्ही अपेक्षा पूर्ण करतो. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या या प्रोसेसरमध्ये झेन ५ रचनेचे सोळा कोअर असून ते बत्तीस थ्रेड, म्हणजे एकाच वेळी बत्तीस कामांचे धागे, चालवतात. त्याचा मूळ वेग ४.३ गिगाहर्ट्‌झ आहे आणि एखाद-दुसऱ्या कोअरवर भार असताना तो ५.७ गिगाहर्ट्‌झपर्यंत चढतो. कोअर आठ-आठच्या दोन स्वतंत्र सिलिकॉन तुकड्यांवर आहेत आणि रॅमशी देवघेव सांभाळणारा मेमरी कंट्रोलर तिसऱ्या तुकड्यावर. इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के हा २०२४ मध्येच आलेला प्रतिस्पर्धीही समर्थ आहे; त्यात आठ मोठे आणि सोळा लहान असे चोवीस कोअर आहेत. तरीही माझे मत एएमडीकडे झुकले, कारण सगळे सोळा कोअर एकाच जातीचे असल्याने कोणते काम कोणत्या कोअरवर टाकावे हा प्रश्न ऑपरेटिंग सिस्टिमपुढे कमी वेळा येतो, आणि दुसरे कारण सॉकेटचे, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेचे. एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही पाठिंबा देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. आधीच्या एएम४ सॉकेटसाठी, जे २०१६ मध्ये आले, २०२४ मध्येही नवे प्रोसेसर येत होते, हे पाहता या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता या जुळणीतील सर्वांत महत्त्वाच्या निर्णयाविषयी. ९९५०एक्सचा घोषित टीडीपी, म्हणजे कूलर निवडताना धरायचा उष्णतेचा आकडा, १७० वॅट आहे आणि एएम५ सॉकेटची कमाल मर्यादा २३० वॅट. बायोसमध्ये (मदरबोर्डातील मूळ प्रणालीत) वीज वाचवणारा इको मोड निवडला की प्रोसेसर १०५ वॅटच्या वर्गात येतो, ज्यात सॉकेटमधून प्रत्यक्ष घेतली जाणारी वीज १४२ वॅटवर रोखली जाते. ६५ वॅटच्या वर्गात हीच मर्यादा ८८ वॅट होते. सतत चालणाऱ्या कामासाठी माझी शिफारस १०५ वॅटची आहे. प्रोसेसरला लागणारी वीज साधारणपणे वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात वाढते, आणि शेवटचे काहीशे मेगाहर्ट्‌झ मिळवायला व्होल्टेज बरेच चढवावे लागते. व्होल्टेज दहा टक्के चढवून वेग पाच टक्के वाढवला, तर वीज सुमारे सत्तावीस टक्क्यांनी वाढते. ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडते आणि पंख्यांचा आवाज वाढवते. १०५ वॅटवर मोठा प्रकल्प कंपाइल होताना जो वेळ जास्त लागतो तो घड्याळ लावून बसल्याखेरीज जाणवत नाही. खोलीतील शांततेचा फरक मात्र लगेच जाणवतो. कामाचा जो भाग एकाच कोअरवर चालतो, त्याला या मर्यादेचा काहीच त्रास होत नाही, कारण एक कोअर ५.७ गिगाहर्ट्‌झवर धावला तरी एकूण वीज या मर्यादेच्या पुष्कळ आत राहते.

नव्या प्रोसेसरांचे तापमान पाहून अनेक जण धास्तावतात, म्हणून एक खुलासा आवश्यक वाटतो. या प्रोसेसरची तापमानाची कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे. पूर्ण मोकळीक दिली तर वीज, विद्युतप्रवाह किंवा तापमान यांपैकी एखादी मर्यादा गाठेपर्यंत तो स्वतःहून वेग वाढवत राहतो. त्यामुळे मोठ्या भाराखाली दिसणारा नव्वदीचा आकडा हे बिघाडाचे लक्षण नव्हे.

एनएच-डी१५ हा कूलर २०१४ पासून बाजारात आहे आणि आजही सहज शिफारस करता येते. दोन मनोरे, सहा उष्णतावाहक नळ्या आणि १४० मिलिमीटरचे दोन पंखे अशी त्याची रचना असून पंख्यांसह वजन १.३ किलोग्रॅमच्या वर जाते. पाण्यावर चालणाऱ्या कूलरमध्ये पंप असतो, आणि काही वर्षांनी बिघडणारा भाग म्हणून मला त्याच पंपाची काळजी वाटते. हवेच्या कूलरमध्ये बिघडण्यासारखा एकच भाग, पंखा, आणि तो दोन तारेच्या चापांनी काढता-घालता येतो. कूलर बसवण्याची पद्धत इतकी नीट विचार करून आखलेली आहे की प्रथमच संगणक जोडणाऱ्या माणसानेही भिऊ नये: एएम५ मदरबोर्डची मागची पट्टी काढायची नाही, तिच्यातच चार खुंट्या बसवायच्या, त्यांवर आडव्या पट्ट्या लावायच्या आणि दोन स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. रायझनमधील कोअरचे तुकडे मध्यापासून एका बाजूला सरकलेले असल्याने कूलर सात मिलिमीटर त्या बाजूला बसवणाऱ्या पट्ट्याही नॉक्टुआ देते. त्यामुळे तापमान एक ते तीन अंशांनी उतरते असे कंपनी सांगते. दोन गोष्टी आधी मोजून घ्याव्यात. कूलरची उंची १६५ मिलिमीटर आहे, त्यामुळे अरुंद कॅबिनेटची बाजूची पाटी बंद होत नाही. आणि पुढच्या पंख्याखाली रॅमसाठी केवळ ३२ मिलिमीटर जागा उरते, त्यामुळे दिव्यांच्या नक्षीची उंच रॅम घेतल्यास पंखा वर सरकवावा लागतो आणि कूलर आणखी उंच होतो. या जुळणीसाठी बुटकी, साधी रॅम निवडण्याचे कारण एवढेच.

टॉरेंट कॅबिनेटच्या दर्शनी भागात काच नसून उघडी जाळी आहे आणि जाळीमागे १८० मिलिमीटरचे दोन जाडजूड पंखे आहेत. मोठा पंखा हळू फिरूनही पुष्कळ हवा लोटतो, त्यामुळे त्याचा आवाज मंद आणि खालच्या पट्टीतला राहतो. लहान पंख्यांची कानाला टोचणारी शीळ येथे नाही. एसएमपीएस वरच्या बाजूला बसतो, ही रचना आज दुर्मीळ झाली आहे, पण तिच्यामुळे तळ मोकळा राहतो आणि खालून येणारी थंड हवा भविष्यात कधी बसवल्या जाणाऱ्या ग्राफिक्स कार्डापर्यंत थेट पोचते. कॅबिनेट आकाराने अवाढव्य आहे आणि टेबलावर ठेवल्यास बरीच जागा अडवते, हा दोष मान्य करावा लागतो. धुळीच्या जाळ्या सहज निघतात व धुता येतात.

रॅमच्या बाबतीत जाहिरातीतील आकडा अर्धीच माहिती देतो. डीडीआर५-६००० या नावातील ६००० हा दर सेकंदाला होणाऱ्या दशलक्ष देवघेवींचा आकडा आहे, तर पट्टीच्या वर्णनात पुढे येणाऱ्या सीएल३० मधील ३० हा मागणी आणि पहिला प्रतिसाद यांमधील चक्रांचा. प्रत्यक्ष घड्याळ निम्म्या, म्हणजे ३००० मेगाहर्ट्‌झ वेगाने चालते. तेव्हा तीस चक्रांना १० नॅनोसेकंद लागतात. डीडीआर५-५६०० सीएल४० या साध्या पट्टीत हाच विलंब सुमारे १४.३ नॅनोसेकंद होतो. याहून वेगवान पट्ट्या मिळतात, परंतु ६४०० च्या आसपास गेल्यावर या प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर सहसा रॅमच्या बरोबरीने धावू शकत नाही आणि निम्म्या वेगावर उतरतो, त्यामुळे पैसे जास्त जातात आणि लाभ थोडा किंवा शून्य होतो. ६००० आणि सीएल३० ही जोडी या मंचासाठी योग्य जागा आहे.

पट्ट्या दोनच घ्याव्यात, चार घेऊ नयेत. मदरबोर्डावर चार खाचा दिसतात म्हणून अनेक जण आज दोन आणि पुढे दोन असा हिशेब करतात, आणि तो फसतो. एएमडीच्या अधिकृत माहितीनुसार ९९५०एक्समध्ये दोन पट्ट्यांसाठी डीडीआर५-५६०० ची हमी आहे आणि चार पट्ट्यांसाठी केवळ डीडीआर५-३६०० ची. म्हणून एकूण किती रॅम लागेल हे पहिल्याच दिवशी ठरवावे. बत्तीस थ्रेडवर एकाच वेळी सी++ च्या बत्तीस फायली कंपाइल होत असतील आणि प्रत्येकीला दीड जीबी लागत असेल, तर ४८ जीबी तिथेच संपतात. ३२ जीबी रॅममध्ये असे काम डिस्कवर ढकलले जाते आणि सोळा कोअरचा वेग मातीमोल होतो. ६४ जीबी हा या कामासाठी किमान आकडा आहे. आभासी यंत्रे चालवणाऱ्यांनी ४८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात.

डीडीआर५-६००० हा वेग आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅमच्या जाहीर वेगाची तयार मांडणी, चालू करावे लागते, आणि ते एएमडीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच (हमीच्या वेगापलीकडे चालवणे) असते. म्हणूनच ते चालू केल्यावर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवल्याशिवाय अशा संगणकावर महत्त्वाचे काम सुरू करू नये. रॅममधील एखादी चूक लगेच संगणक बंद पाडत नाही, ती शांतपणे फायली बिघडवत राहते आणि अनेकदा बॅकअपमध्येही पोचते. डीडीआर५ च्या चिपमध्ये चूक सुधारण्याची अंतर्गत सोय असते, परंतु ती पूर्ण ईसीसीची (सगळ्या वाटेवरच्या चुका ओळखून सुधारणाऱ्या रॅमची) जागा घेऊ शकत नाही, कारण चिप आणि प्रोसेसर यांमधल्या वाटेवर घडणारी चूक तिला दिसत नाही.

पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा काळाच राहतो आणि पंखे मात्र फिरत राहतात, हा या मंचावरचा सर्वांत घाबरवणारा क्षण आहे. या वेळात मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो आणि त्याला काही मिनिटे लागू शकतात. कंपन्यांनी ही सूचना खोक्याच्या झाकणावर ठळक छापायला हवी, कारण एवढ्याच कारणाने चांगले भाग खराब समजून परत केले जातात. याच्याशी निगडित दुसरी अडचण म्हणजे बी६५०ई मदरबोर्ड हे ९९५०एक्सच्या आधी आलेले असल्याने खोक्यातील बोर्डावर जुना बायोस असू शकतो आणि त्याला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही. म्हणून पेन ड्राइव्हवरून, प्रोसेसर न बसवताही, बायोस अद्ययावत करणारे बटण ज्यावर आहे असाच बोर्ड घ्यावा. बायोस नवा असण्याचे महत्त्व २०२३ मध्ये सर्वांना कळले आहे: रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याच्या घटनांनंतर एएमडीने नव्या बायोसद्वारे एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारे व्होल्टेज) १.३ व्होल्टवर मर्यादित केले.

मदरबोर्डावर मोठा खर्च करण्याचे कारण या जुळणीत सापडत नाही. प्रोसेसरमधून पीसीआय एक्स्प्रेसच्या अठ्ठावीस लेन, म्हणजे माहिती वाहणाऱ्या वाटा, निघतात. चार चिपसेटकडे (पोर्ट वगैरे सांभाळणाऱ्या मदरबोर्डावरच्या चिपकडे) जातात, सोळा ग्राफिक्सच्या खाचेला आणि उरलेल्या आठ बहुधा दोन एसएसडींना मिळतात. चिपसेटवरच्या सगळ्या वस्तू मात्र त्या चार लेनमधून, म्हणजे सेकंदाला सुमारे ८ जीबीच्या वाटेने ये-जा करतात, मग बोर्डाच्या मागे कितीही पोर्ट असोत. नव्या एक्स८७० बोर्डांवर यूएसबी४ सक्तीचे आहे, पण त्यासाठी प्रोसेसरच्या चार लेन खर्ची पडतात आणि काही बोर्डांवर दुसऱ्या एसएसडीची वाट त्यांच्याशी वाटून घ्यावी लागते. बोर्ड निवडताना पोर्टांच्या चित्रापेक्षा माहितीपुस्तिकेतील लेनचा तक्ता वाचावा.

९९० प्रो ही एसएसडी सेकंदाला ७,४५० एमबीपर्यंत वाचते, जे पीसीआय एक्स्प्रेस ४.० च्या चार लेनच्या कमाल क्षमतेच्या जवळ आहे. साटा या जुन्या जोडणीच्या एसएसडीची धाव सुमारे ५५० एमबीपर्यंत असते. पाचव्या पिढीच्या एसएसडी याच्या जवळपास दुप्पट आकडे दाखवतात, पण असंख्य लहान फायली वाचण्याच्या कामात तो दुपटीचा फरक उरत नाही आणि त्या तापतातही अधिक. २०२३ च्या सुरुवातीला ९९० प्रोमध्ये आयुर्मान दाखवणारा निर्देशांक अवाजवी वेगाने घसरत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या आणि सॅमसंगने नवे फर्मवेअर (एसएसडीतील अंतर्गत प्रोग्राम) देऊन ती त्रुटी दूर केली. जुना साठा हाती आला तर ते फर्मवेअर आधी भरावे.

ग्राफिक्स कार्डाविना ८५० वॅटचा एसएमपीएस आज गरजेपेक्षा मोठा आहे, हे खरे. पुढे मोठे कार्ड बसवायचे झाल्यास तो बदलावा लागू नये म्हणून तो घेतला आहे. येथे ८० प्लस गोल्ड हा शिक्का पाहून थांबू नये. तो निम्म्या भारावर किमान नव्वद टक्के कार्यक्षमता सांगतो. व्होल्टेज किती स्थिर राहते किंवा बिघाड झाल्यास संरक्षण किती तत्पर आहे हे सांगत नाही. त्यासाठी स्वतंत्र चाचण्या वाचाव्यात. एक इशारा फार गांभीर्याने द्यावासा वाटतो: सुट्या केबलींच्या एसएमपीएसमध्ये एका कंपनीच्या केबली दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही जोडू नयेत. टोके सारखी दिसतात आणि बसतातही, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि चुकीच्या पिनेवर गेलेले १२ व्होल्ट एसएसडी किंवा मदरबोर्ड क्षणात जाळतात.

प्रोसेसरमध्येच असलेली छोटी ग्राफिक्स यंत्रणा दोन मॉनिटर आणि रोजच्या व्हिडिओसाठी पुरते. त्रिमितीय चित्रण, रंगसंस्करण किंवा मोठी भाषिक प्रारूपे चालवायची असतील तर वेगळे कार्ड लागेलच, आणि त्या वेळी कार्डाला वीज देणाऱ्या केबलचे १२व्ही-२×६ हे टोक पूर्णपणे आत बसले आहे याची डोळ्यांनी खात्री करावी. त्याच्या आधीच्या १२व्हीएचपीडब्ल्यूआर टोकाच्या बाबतीत २०२२ मध्ये वितळण्याच्या घटना घडल्या आणि अर्धवट बसलेले टोक हे त्याचे एक प्रमुख कारण ठरले. नव्या रचनेत संवेदक पिना आखूड केल्या आहेत, जेणेकरून टोक नीट बसले नसेल तर कार्ड वीजच घेणार नाही.

या संगणकाचे दोषही नोंदवणे आवश्यक आहे. तीन तुकड्यांच्या रचनेमुळे हा प्रोसेसर रिकामा असतानाही एकसंध प्रोसेसरपेक्षा जास्त वीज घेतो, त्यामुळे दिवसभर केवळ पत्रव्यवहार आणि ब्राउझर चालणार असेल तर तो अपव्यय आहे. सगळ्या संगणकाची मिळून एक हमी नसते. प्रत्येक भागाची हमी वेगळी असते आणि बिघाड कशात आहे हे स्वतः शोधून मग त्या कंपनीकडे जावे लागते. ज्यांच्याकडे यासाठी वेळ नाही त्यांनी तयार संगणक घ्यावा, फक्त त्याचा मदरबोर्ड आणि एसएमपीएस प्रमाण एटीएक्स मापाचे आहेत का हे विचारावे. अनेक तयार संगणकांत ते कंपनीच्या खास मापाचे असतात आणि पुढे एक भाग बदलायचा म्हटले तरी कॅबिनेटसह सारेच बदलावे लागते.

निव्वळ खेळांसाठी संगणक हवा असेल तर ९९५०एक्स घेऊ नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला रायझन ७ ९८००एक्स३डी आठच कोअरचा असला तरी त्यातील ९६ एमबी एल३ कॅशमुळे (प्रोसेसरच्या आतील झटपट स्मृतीमुळे) बहुतेक खेळांत तो या सोळा कोअरच्या भावंडाला मागे टाकतो. वर सांगितलेला मदरबोर्ड, कूलर, कॅबिनेट आणि एसएमपीएस त्याच्याबरोबर जसेच्या तसे चालतात, रॅम ३२ जीबी पुरते आणि वाचलेला सगळा पैसा ग्राफिक्स कार्डावर खर्च करावा.